२८ जून ते ४ ऑगस्ट १९१४: चुरस जुनीच होती, मग भडका त्याच वेळी का?

रूळजोड (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धाची कारणं शाळेत पाठ केलेली असतात: साम्राज्यवाद, शस्त्रास्त्रस्पर्धा, गुप्त करार, राष्ट्रवाद. ही यादी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण ती १९०५ लाही तेवढीच लागू होती. १९०५ मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म टँजियरला उतरला आणि मोरोक्कोवरून फ्रान्स-जर्मनी हमरीतुमरीवर आले, तरी युद्ध झालं नाही. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, १९११ मध्ये 'पँथर' ही जर्मन गनबोट अगादीरला गेली, १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली. या चारही वेळा बड्या सत्ता एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या नाहीत.

मग १९१४ मध्ये ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याला मारणाऱ्या साराजेव्होतल्या दोन गोळ्यांनंतर ३७ दिवसांत पाच बड्या सत्ता युद्धात कशा उतरल्या?

माझं मत आधीच मांडतो. चुरस हे सरपण होतं. पेट घेतला तो फौजेच्या जमवाजमवीच्या आराखड्यांमुळे, म्हणजे शब्दशः रेल्वेच्या वेळापत्रकांमुळे. प्रत्येक देशाचा आराखडा दुसऱ्याच्या आराखड्यावर बेतलेला होता आणि 'थोडं थांबून बघू' यासाठी त्यात जागाच ठेवलेली नव्हती. ज्यांनी हा विषय खोलात वाचला आहे त्यांनी लिहावं. मोघम नको, तारखा आणि आकडे घेऊन या.

---

गलबत

चांगला धागा. पण आरमाराला एका शब्दात निकालात काढू नका.

१९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' पाण्यात सोडली. त्याआधीच्या युद्धनौकांवर १२ इंची तोफा चार असत, हिच्यावर दहा. वेग १८ नॉटवरून २१ वर गेला, कारण जुन्या इंजिनांऐवजी वाफेचे टर्बाइन बसवले. परिणाम असा की जगातली प्रत्येक जुनी युद्धनौका एका रात्रीत दुय्यम ठरली, त्यात ब्रिटनच्या स्वतःच्याही आल्या. पाटी कोरी झाली आणि जर्मन आरमारमंत्री टिर्पिट्झला वाटलं, आता आपण शून्यापासून बरोबरीने धावू शकतो. १९०८ च्या दुरुस्तीनंतर जर्मनी वर्षाला चार मोठ्या नौका बांधायला घेऊ लागला. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये 'आठ हव्यात' म्हणून ओरड झाली आणि आठ मंजूर झाल्या.

यात एक किचकट भाग लोक विसरतात. ड्रेडनॉटच्या आकाराची जहाजं कील कालव्यातून जात नसत. बाल्टिकमधून उत्तर समुद्रात यायला डेन्मार्कला वळसा पडे. म्हणून १९०७ पासून कालवा रुंद आणि खोल करायचं काम चालू होतं. ते पुरं होऊन उद्‌घाटन झालं २४ जून १९१४ ला, साराजेव्होच्या चार दिवस आधी. त्या समारंभाला ब्रिटिश आरमाराचा एक ताफा पाहुणा म्हणून आला होता आणि खुनाची बातमी आली तेव्हा तो कीलमध्येच होता.

---

बुरूज

गलबत, तपशील अचूक, पण त्यावरून निघणाऱ्या निष्कर्षाशी असहमत. आरमाराची शर्यत १९१२ पर्यंत जवळपास संपलेली होती. जर्मनीचा बांधणीचा वेग त्या वर्षी चारवरून दोनवर आला. ब्रिटिश आरमारमंत्री चर्चिलने उघड सांगितलं की ब्रिटन जर्मनीपेक्षा ६० टक्के अधिक ड्रेडनॉट राखणार. १९१३ मध्ये जर्मनीने पैसा वळवला तो पायदळाकडे: त्या वर्षीच्या लष्करी कायद्याने शांतताकाळातल्या फौजेत सुमारे १ लाख ३६ हजार माणसं वाढली. फ्रान्सने लगेच सक्तीची लष्करी सेवा दोनवरून तीन वर्षांवर नेली. रशियाचा लष्करवाढीचा 'मोठा कार्यक्रम' १९१४ च्या उन्हाळ्यात मंजूर झाला आणि तो १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता.

समुद्रावरच्या चुरशीने ब्रिटनला फ्रान्सच्या बाजूला नेऊन बसवलं, हे मान्य. पण जुलै १९१४ चा स्फोट जमिनीवरच्या शर्यतीतून झाला. बर्लिनच्या लष्करी मुख्यालयात एकच गणित चालू होतं: १९१७ नंतर रशियाला हरवता येणार नाही, तेव्हा व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे.

---

निशिगंध

जमवाजमव म्हणजे नेमकं काय, हे कुणी पायरीपायरीने सांगेल का? 'आदेश निघाला' म्हणजे दुसऱ्या दिवशी काय होतं?

---

रूळजोड

@निशिगंध, जर्मनीचं उदाहरण घेतो, कारण त्यांचं काम सगळ्यांत काटेकोर होतं.

शांततेत पलटण अर्धवट भरलेली असते. बाकीची माणसं राखीव, म्हणजे सक्तीची सेवा संपवून घरी गेलेली. आदेशाची भित्तिपत्रकं लागली की कितव्या दिवशी, किती वाजता, कुठल्या ठाण्यावर हजर व्हायचं हे प्रत्येकाच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. तिथे गणवेश, बूट, रायफल. त्याच वेळी गावोगावचे घोडे ताब्यात घ्यायचे. ते आधीच मोजून नोंदवलेले असतात. घोड्याशिवाय तोफ हलत नाही, भटारखानाही हलत नाही. पलटण भरली की ती स्टेशनावर जाते आणि मग खरी कसोटी सुरू होते.

एका आर्मी कोअरमध्ये ४० हजारांवर माणसं आणि हजारो घोडे. ते हलवायला सुमारे १४० गाड्या. १९१४ मध्ये जर्मनीने ३१ लाखांच्या आसपास माणसं आणि साडेआठ लाखांवर घोडे ११,००० गाड्यांनी ३१२ तासांत, म्हणजे १३ दिवसांत सरहद्दीकडे नेले. कोलोनचा ऱ्हाईनवरचा पूल घ्या. २ ते १८ ऑगस्ट या काळात त्यावरून ५४ डब्यांच्या २,१५० गाड्या गेल्या. भागाकार करून बघा, रात्रंदिवस साधारण दर ११ मिनिटांना एक गाडी.

आता यातली एक ओळ बदला. एक कोअर पश्चिमेऐवजी पूर्वेला पाठवा. तिचे १४० रेक, इंजिनं, पाणी भरायच्या जागा, जेवणाचे थांबे, उतरायचे फलाट, सगळं दुसऱ्या कोअरच्या वाट्याचं असतं. मागची रांग तिथेच तुंबते. म्हणूनच हे आराखडे वर्षभर बसून केले जात आणि दर वर्षी १ एप्रिलला नवा अमलात येई.

---

चांदणवेल

+१. आणि इथेच ती गोष्ट येते. १९१३ पर्यंत जर्मनीकडे दोन आराखडे असत, एक पश्चिमेचा आणि एक पूर्वेचा. एप्रिल १९१३ पासून पूर्वेचा आराखडा दर वर्षी नवा करणं जर्मन लष्करप्रमुख मोल्टकेने बंद केलं. १ ऑगस्टला संध्याकाळी लंडनहून राजदूत लिख्नोव्स्कीची तार आली. तिचा अर्थ बर्लिनने असा लावला की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूश! म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेकडे वळवा. मोल्टके हादरला. लाखो माणसांची मांडणी ऐन वेळी उलटी करता येत नाही, केली तर रशियासमोर फौज न जाता शस्त्रधारी गर्दी जाईल, असं त्याचं उत्तर होतं. तुझ्या काकांनी (म्हणजे जुना लष्करप्रमुख थोरला मोल्टके) मला वेगळं उत्तर दिलं असतं, असं कैसर म्हणाला आणि ते मोल्टकेच्या फार जिव्हारी लागलं.

रात्री ११ च्या सुमारास कळलं की तो सगळा गैरसमज होता. तोवर लक्झेंबर्गमधलं एक छोटं रेल्वे स्टेशन जर्मन तुकडीने घेऊनही झालं होतं.

---

तळटीप

चांदणवेल यांच्या प्रतिसादाला पुस्ती. 'अशक्य' हे मोल्टकेचं म्हणणं सर्वांना पटलेलं नाही. जर्मन लष्करी रेल्वेचा प्रमुख राहिलेला जनरल फॉन श्टाब्स याने १९२५ मध्ये हिशेब मांडून दाखवले की सातांपैकी चार सेना पूर्वेकडे नेता आल्या असत्या, दोन आठवड्यांच्या आत. त्यामुळे 'वेळापत्रकानेच युद्ध लादले' हे विधान जपून करावे. वेळापत्रक माणसांनी केले होते, आणि एकच पर्याय ठेवायचा हा निर्णयही माणसांचाच.

---

घाटमाथा

तळटीप यांच्याशी पूर्ण सहमत. एवढंच नाही, मी तर म्हणेन जुलैचे पहिले तीन आठवडे पाहिले की वेळापत्रकाचा मुद्दा फारच मागे पडतो.

५ जुलैला पोट्सडॅममध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताला कैसरने शब्द दिला, तुम्ही सर्बियावर काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होलवेगने त्यावर शिक्का मारला. हाच तो 'कोरा चेक'. त्यानंतर २३ तारखेपर्यंत काहीच नाही! का? दोन व्यावहारिक कारणं. एक, हंगेरीचा पंतप्रधान तिसा १४ तारखेपर्यंत तयार नव्हता. सर्बियाचा मुलूख साम्राज्याला जोडायचा नाही या अटीवर तो वळला. दोन, सैनिक सुगीच्या रजेवर होते. त्यांना मधूनच बोलावलं तर रेल्वे विस्कळित झाली असती, पीक शेतात राहिलं असतं आणि सगळ्या जगाला कळलं असतं.

शिवाय फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे आणि पंतप्रधान विव्हियानी २० ते २३ जुलै सेंट पीटर्सबर्गमध्ये होते. ते बोटीवर चढून निघेपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणजे रशिया आणि फ्रान्स यांना समोरासमोर बसून ठरवता येऊ नये. निर्वाणीचा खलिता बेलग्रेडला २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता दिला गेला, मुदत ४८ तास. हे सगळं ठरवून, घड्याळ लावून केलेलं आहे. इथे कुणाला कुठलं यंत्र ओढत नव्हतं.

---

पाटीपेन्सिल

सर्बियाने बहुतेक सगळं मान्य केलं होतं ना? मग अडलं कुठे?

---

घाटमाथा

सहाव्या कलमावर. ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर कटाच्या न्यायालयीन चौकशीत भाग घेणार, अशी मागणी होती. सर्बियाने उत्तर दिलं की ते आमच्या राज्यघटनेविरुद्ध आहे. बाकीच्या कलमांवर होकार होता, काही ठिकाणी मोघम. २५ तारखेला संध्याकाळी सहाच्या तोंडावर पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन गेला. ऑस्ट्रियाचा राजदूत गिझल याने ते वाचलं, संबंध तोडल्याची चिठ्ठी दिली आणि साडेसहाच्या गाडीने बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधलेलं होतं. सर्बियानेही त्याच दुपारी जमवाजमवीचा हुकूम दिला होता. म्हणजे उत्तर काय असेल यावर दोघांचाही भरवसा नव्हता.

कैसरने ते उत्तर वाचलं २८ ला सकाळी, नॉर्वेच्या सफरीवरून परतल्यावर. आता युद्धाचं कारणच उरलं नाही, ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड ओलीस धरून थांबावं, असं त्याने लिहून ठेवलं. बेथमानने ते व्हिएन्नाला कळवायला उशीर केला आणि त्याची धारही बोथट केली. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं, साध्या तारेने! फौज १२ ऑगस्टपर्यंत तयार नव्हती हे ऑस्ट्रियाचा लष्करप्रमुख कॉनराड याने सांगितलेलं असताना! मध्यस्थीची दारं बंद करायची होती, म्हणून ही घाई.

---

सांजवारा

कॉनराडचा विषय निघालाच आहे तर त्याच्या रेल्वेचा घोळ सांगायलाच हवा. धागाकर्त्याच्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

ऑस्ट्रिया-हंगेरीची फौज तीन भागांत विभागलेली. पहिला मोठा भाग कायम रशियासमोर, गॅलिशियात. दुसरा छोटा, सर्बियासमोर. तिसरा 'बी' गट, सुमारे १२ डिव्हिजन, म्हणजे दुसरी सेना. रशिया गप्प राहिला तर हा गट सर्बियावर आणि रशिया उतरला तर गॅलिशियात. कागदावर सुरेख.

२५ जुलैला 'बी' गट सर्बियाकडे निघायचं ठरलं. ३१ ला रशियाची पूर्ण जमवाजमव कळल्यावर कॉनराडने विचारलं, आता हा गट उत्तरेला वळवता येईल का? रेल्वे विभागाचा प्रमुख श्ट्राउब म्हणाला, नाही. गाड्या वाटेत थांबवल्या तर सगळं जाळंच अडकेल. तेव्हा या फौजेला आधी दक्षिणेला सावा-डॅन्यूबच्या काठावर उतरू द्या, मग पुन्हा गाडीत बसवून गॅलिशियाला नेऊ. आणि तसंच झालं! ऑगस्टच्या मध्यावर चेरच्या डोंगरावर सर्बियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला, तेव्हा दुसऱ्या सेनेचा बराचसा भाग नदीकाठी उभा राहून परतीच्या गाडीची वाट बघत होता. १८ ऑगस्टच्या सुमारास ती निघाली आणि गॅलिशियात पोचेपर्यंत तिथलीही लढाई हातची गेली. ३ सप्टेंबरला गॅलिशियाची राजधानी लेम्बर्ग रशियाच्या ताब्यात.

दोन्ही आघाड्यांवर उशिरा पोचलेली सेना! मुंबईकरांना चुकीच्या फलाटावर उभं राहण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

---

निशिगंध

सांजवारा, शेवटची ओळ आवडली. :) रशियाचं काय? सगळी पुस्तकं 'रशियाने पहिली पूर्ण जमवाजमव केली' यावर येऊन थांबतात.

---

तळटीप

रशियाची अडचण दुहेरी होती. देश अवाढव्य, राखीव सैनिकाला ठाण्यापर्यंत आणि तिथून सरहद्दीपर्यंत जर्मन सैनिकापेक्षा कितीतरी जास्त अंतर कापावे लागे, आणि रूळ विरळ. म्हणून फ्रान्सने १९१३ मध्ये लष्करी उपयोगाच्या रेल्वेसाठी कर्ज देऊ केले: वर्षाला ५० कोटी फ्रँकपर्यंत, पाच वर्षे. १८९२ च्या लष्करी करारानुसार रशियाने जर्मनीसमोर सात ते आठ लाख फौज आणायची होती, फ्रान्सने १३ लाख. उशिरा आलेली रशियन फौज फ्रान्सच्या उपयोगाची नव्हती.

साझोनोव्ह या परराष्ट्रमंत्र्याला फक्त ऑस्ट्रियाला दटावायचे होते. त्यासाठी त्याने 'अंशतः जमवाजमव' सुचवली, फक्त कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान हे चार लष्करी विभाग. लष्कराने सांगितले की असा आराखडा अस्तित्वातच नाही. ऑस्ट्रियासमोर मांडणी करायची तर वॉर्सा विभाग लागतो आणि तो हलवला की जर्मनीला धमकी दिल्यासारखे होते. तो वगळून अंशतः हलवाहलव केली आणि नंतर पूर्ण करायची वेळ आली, तर राखीव सैनिक आणि डबे भलत्याच ठिकाणी असतील.

२९ जुलैला झारने पूर्ण जमवाजमवीवर सही केली. रात्री साडेनऊच्या सुमारास जनरल दोब्रोरोल्स्की सेंट पीटर्सबर्गच्या मुख्य तारघरात उभा होता आणि तारा सुटणार एवढ्यात दूरध्वनी आला: थांबा. झारला कैसरची तार आली होती आणि त्याने हुकूम मागे घेतला. ३० ला दुपारी चारच्या आसपास साझोनोव्हने झारला पुन्हा वळवले. त्या संध्याकाळी तारा गेल्या.

---

बुरूज

म्हणजे एका माणसाने एका रात्रीपुरतं का होईना, ते यंत्र थांबवून दाखवलं. रूळजोड, तुमच्या सिद्धांताला हा अपवाद आहे.

---

रूळजोड

मान्य. पण ते थांबलं तारघरात, गाड्या निघण्याआधी. आणि जर्मनीच्या आराखड्याची खरी गोम अजून कुणी लिहिलेली नाही. बाकी सगळ्या देशांसाठी जमवाजमव म्हणजे तयारी. फौज सरहद्दीवर आणून आठवडाभर बसवता येत असे. फ्रान्सने तर ३० जुलैला आपली सैन्यं सरहद्दीपासून १० किलोमीटर मागे ठेवली. एकट्या जर्मनीसाठी जमवाजमव म्हणजेच युद्ध होतं, आणि त्याचं कारण बेल्जियममधलं लीएज.

मोल्टकेच्या आधीचा लष्करप्रमुख श्लीफेन याच्या मूळ मांडणीत फ्रान्सवर बेल्जियममार्गे चालून जाणाऱ्या फौजेची उजवी बाजू हॉलंडच्या मास्ट्रिख्टच्या शेपटीतूनही जाणार होती. मोल्टकेने हॉलंड वगळलं, वेढा पडला तर व्यापाराला एक दार उघडं राहावं म्हणून. त्यामुळे पहिली आणि दुसरी अशा दोन सेना, मिळून सहा लाखांच्या आसपास माणसं, आखेन आणि लीएजमधल्या चिंचोळ्या पट्टीतून जायच्या होत्या. लीएजभोवती १२ किल्ले, मधून म्यूज नदी, चार मुख्य रेल्वेमार्ग तिथे मिळतात. बेल्जियमला पूल आणि बोगदे उडवायला सवड मिळाली तर सगळी उजवी बाजू अडकणार. म्हणून उरलेल्या फौजेची वाट न बघता, शांतताकाळच्याच ताकदीच्या सहा ब्रिगेड घेऊन पहिल्या काही दिवसांतच लीएजवर झडप घालायची.

म्हणजे जमवाजमवीचा हुकूम आणि तटस्थ देशावर हल्ला यांत तीन-चार दिवसांचंच अंतर. वाटाघाटींना सवड कुठून मिळणार? आणि ही लीएजची गोष्ट इतकी गुप्त होती की चॅन्सेलरलाही ती ३१ जुलैच्या सुमारास कळली! २ ऑगस्टला बेल्जियमला १२ तासांची मुदत, ४ ला सकाळी फौज आत. शहर ७ ला पडलं. शेवटचा किल्ला १६ ला, तोही क्रुपच्या ४२ सेंटिमीटर तोफा आणून.

---

चांदणवेल

हे अंतर सगळ्यांच्या डोक्यात होतं. ३१ जुलैला फ्रेंच लष्करप्रमुख जोफ्रने मंत्रिमंडळाला लिहून दिलं की राखीव सैनिक बोलवायला २४ तास उशीर म्हणजे १५ ते २० किलोमीटर मुलूख सोडणं. इतकं थेट गणित समोर ठेवल्यावर कुठला मंत्री 'अजून एक दिवस थांबू' म्हणेल?

---

पाटीपेन्सिल

अवांतर: यात व्यापारी चुरशीला काहीच जागा नाही का? 'बाजारपेठांसाठी युद्ध' हे आपण कायम ऐकतो.

---

गलबत

जुलैअखेरची लंडन बघा. ३१ जुलैला शेअर बाजार बंद करावा लागला. बँक ऑफ इंग्लंडचा दर दोन दिवसांत ३ वरून ८ आणि १ ऑगस्टला १० टक्के. तिथले सावकार-पेढीवाले सरकारला युद्धापासून दूर राहा म्हणून विनवत होते. जर्मनी हे ब्रिटनचं मोठं गिऱ्हाईक होतं. व्यापारातली चुरस होती, ती मनं कलुषित करत होती. पण ब्रिटिश मंत्रिमंडळाने तिच्यासाठी मत दिलं नाही. २ ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळ दुभंगलेलंच होतं. मॉर्ले आणि बर्न्स हे दोन मंत्री शेवटी बाहेर पडले. बाकीच्यांना एकत्र आणलं ते बेल्जियमच्या तटस्थतेने, १८३९ च्या लंडन तहाने.

आणि आरमाराने, हे मी पुन्हा सांगतो. १९१२ च्या व्यवस्थेनुसार फ्रान्सचा मुख्य ताफा भूमध्य समुद्रात आणि ब्रिटनचा उत्तर समुद्रात. करार नव्हता, पत्रापत्री होती. पण ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा पडलेला होता आणि तो तसा सोडणं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रेला शक्य नव्हतं.

---

सह्यवारा

या धाग्यात आपला संबंध कुठे येतो ते मांडतो, कारण तो थेट आहे.

१९०७ चा ब्रिटन-रशिया करार हा मुळात हिंदुस्थानच्या सरहद्दीचा करार आहे: इराणची वाटणी, अफगाणिस्तान ब्रिटनच्या प्रभावाखाली, तिबेटमध्ये दोघांनी हात घालायचा नाही. मध्य आशियातली चुरस मिटली आणि रशियाला बाल्कनकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळाली. त्याच वेळी जर्मनीला आपण घेरले जातोय असं वाटू लागलं.

दुसरा धागा तेलाचा. गलबत यांनी लिहिलेल्या शर्यतीत ब्रिटनने नव्या युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालवायचं ठरवलं आणि १९१४ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. शुद्धीकरण कारखाना अबादानला, तुर्कस्तानच्या सरहद्दीला लागून. ऑगस्टमध्ये ब्रिटनने तुर्कस्तानसाठी बांधलेल्या दोन ड्रेडनॉट स्वतःकडे ठेवून घेतल्या. २ ऑगस्टला तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार केला होता, आणि ऑक्टोबरअखेर ते युद्धात उतरले. तेल राखायला कोण पाठवलं? सहावी पूना डिव्हिजन. ६ नोव्हेंबर १९१४ ला तिची पहिली ब्रिगेड इराकच्या किनाऱ्यावर फाव इथे उतरली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. १०३ वी आणि ११० वी मराठाही याच डिव्हिजनमध्ये. तिघीही पुढे इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या: १४७ दिवस, घोडे मारून खाण्याची पाळी, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैदेच्या वाटेवर आणि कैदेत हजारो मेले.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले' अशा संगमरवरी पाट्या अजून दिसतात. साराजेव्हो कुठे आहे हे त्यांतल्या कुणाला विचारलं नव्हतं, हिंदुस्थानालाही नाही. ब्रिटनच्या राजाने युद्ध पुकारलं की हिंदुस्थान युद्धात, इतकं सरळ होतं ते. या पाट्या उन्हापावसात झिजताहेत. आपल्या गावची असेल तर तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, अक्षरांवर खडू किंवा रंग फासू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात कोरलेली अक्षरं आपोआप उठून दिसतात.

---

निशिगंध

सह्यवारा, धन्यवाद. ही साखळी कुठेच एका जागी वाचली नव्हती.

---

बुरूज

मूळ प्रश्नाकडे येतो: याच वेळी का? १९१२-१३ च्या हिवाळ्याशी तुलना करून बघा, सगळ्यात जवळची परिस्थिती तीच. नोव्हेंबर १९१२ मध्ये रशियाने सुट्टी व्हायची असलेली सैनिकांची तुकडी घरी सोडली नाही. ऑस्ट्रियाने गॅलिशियात फौज वाढवली. दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने सैन्य ताणून धरलं होतं. तरी निभावलं. कारण तेव्हा बर्लिनने व्हिएन्नाला आवरलं, लंडनमध्ये ग्रेने सहा सत्तांच्या राजदूतांची बैठक चालवली आणि १९१३ च्या सुरुवातीला ऑस्ट्रियाचा दूत प्रिन्स होहेनलोहे झारला भेटून आला. मार्चमध्ये दोघांनीही सैन्य कमी केलं.

१९१४ मध्ये यातलं प्रत्येक ब्रेक कुणीतरी हाताने काढलं. बर्लिनने आवरायच्या ऐवजी कोरा चेक दिला. २६ जुलैला ग्रेने चार सत्तांची परिषद सुचवली ती जर्मनीने नाकारली. फ्रान्झ फर्डिनांड हा कॉनराडच्या युद्धखोरीला आजवर अडवणारा माणूस, तो तर मेलेलाच. आणि रशियाला १९०९ मध्ये बोस्नियावरून जी माघार घ्यावी लागली होती ती पुन्हा घ्यायची त्याची तयारी नव्हती.

---

रूळजोड

बुरूज, हे वाचून मी माझं पहिलं विधान बदलतो. ३० जुलैच्या संध्याकाळपर्यंतचे निर्णय माणसांचे होते आणि ते उलटवता आले असते. ३१ पासून पुढचे चार दिवस मात्र मी आराखड्यांच्याच नावावर टाकेन. आणि बेथमानने त्या ३१ च्या दुपारपर्यंत जर्मनीचा हुकूम रोखून धरला, तो शांततेसाठी नाही. रशियाने आधी हुकूम काढलेला दिसावा, म्हणजे जर्मनीतले समाजवादी युद्धाला विरोध करणार नाहीत, यासाठी.

---

तळटीप

जे मूळ तारा आणि हुकूम वाचतील त्यांना एक सूचना. रशियन कागदांवर जुने ज्युलियन पंचांग असते, ते १३ दिवस मागे. रशियाच्या पूर्ण जमवाजमवीच्या कागदावर १७ जुलै ही तारीख दिसेल, ती आपली ३० जुलै. दुसरे, प्रत्येक तारेवर पाठवल्याची आणि पोचल्याची वेळ वेगळी असते आणि मधे सांकेतिक लिपी उलगडायला काही तास जातात. बेथमानने २९-३० च्या रात्री व्हिएन्नाला 'मध्यस्थी स्वीकारा' अशी तार पाठवली. ३० ला मोल्टकेने कॉनराडला कळवले, 'ताबडतोब रशियाविरुद्ध जमवाजमव करा'. दोन्ही निरोप एकत्र वाचून ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बेर्श्टोल्ड याने विचारले की बर्लिनमध्ये राज्य कोणाचे आहे.

वहीच्या पानावर चार रकाने पाडा: कुणी, कुणाला, किती वाजता पाठवले, किती वाजता हातात पडले. २९ ते ३१ जुलै या तीन दिवसांपुरतेच करा. त्या तीन दिवसांत किती उत्तरे अशा प्रश्नांना दिली गेली जे तोवर बदललेले होते, ते त्या रकान्यांत दिसते.